आर्सेनिओच्या घरातील वीस सप्टेंबर

जे सत्य सांगून गेलेले काहीही परत येणार नाही आणि ऐकणाऱ्याचे उरलेले दिवस मात्र कडू होतील, ते सांगावे की गिळावे, हा प्रश्न विद्वानांपुढे येतो तेव्हा त्यावर सवडीने वाद घालता येतो. आर्सेनिओ बाकायाओपुढे तो आला, तेव्हा उत्तरासाठी त्याच्याजवळ जेमतेम एका श्वासाचा अवकाश होता.

रक्तदाब चढल्याने दोन दिवस दवाखान्यात काढून तो दुपारी घरी परतला होता. त्याच्या घराची किल्ली शेजारच्या एर्मिनियाबाईंकडे असे. कायबारियेन या समुद्रकाठच्या गावातल्या शाळेत चौतीस वर्षे शिकवून निवृत्त झालेल्या या बाई किल्ली घेऊन त्याच्या दारातच उभ्या होत्या.

"चेहरा जरा माणसात आलाय तुझा," त्या म्हणाल्या. "आता मीठ सोड. आणि हे बघ, काल लाईट आली तेव्हा तुझं मशीन मीच चालू केलं. बघते तर तारीख दोन हजार दोनची. तुझ्यासारख्या माणसाच्या घरी असला गबाळेपणा? मी नीट घातली. दिवस, महिना, साल, सगळं बरोबर. पण माझ्याकडे योस्वानीचं काहीच दिसेना. तू बघ जरा."

आर्सेनिओने हातातली पिशवी खाली ठेवली नाही. ती घेऊनच तो आतल्या खोलीत गेला.

साखर कारखान्यात मापनयंत्रे दुरुस्त करण्यात त्याचे आयुष्य गेले होते, आणि निवृत्तीनंतर त्याने आपला जीव या एका संगणकाला लावला होता. त्यावर विंडोज एक्सपी ही जुनी प्रणाली चाले. जगाने ती केव्हाच टाकून दिली होती. घरोघरी इंटरनेट नव्हते त्या काळात याच संगणकापासून छपरांवरून तारा निघत आणि चाळीस घरांना जोडत. लोक त्यावरून चित्रपट पाहत, डॉमिनो खेळत, एकमेकांना निरोप लिहीत. निरोपांचा प्रोग्राम गल्लीतल्याच राइदेलने रचला होता. तो पुढे देश सोडून गेला आणि त्याचा ठावठिकाणा कुणाजवळ उरला नाही. तो प्रोग्राम नव्या कोणत्याही संगणकावर चालत नसे. शिवाय त्यात राइदेलने एक नियम घालून ठेवला होता: हजार दिवसांहून जुना निरोप आपोआप पुसला जाई. तो नियम बदलण्याचा परवलीचा शब्द राइदेलबरोबरच गेला.

पुढे मोबाइल आले, तारा एकेक करून उतरल्या. एकच तार उरली, आर्सेनिओच्या छपरावरून एर्मिनियाबाईंच्या खिडकीत जाणारी.

त्या तारेच्या आधाराने सतरा निरोप जिवंत होते. दोन हजार चौदाच्या उन्हाळ्यात बाईंचा एकुलता एक मुलगा योस्वानी धक्क्याजवळ मित्राच्या घरी राहून होडी बांधत होता आणि तिथून आईला लिहीत होता. त्या निरोपांत विशेष असे काही नव्हते. काळा घेवडा शिजवून ठेव, रविवारी येतो. निळा सदरा इस्त्री करू नकोस, उगाच. शेवटचा निरोप एकोणीस सप्टेंबरचा होता: आई, आता झोपतो, उद्या बोलू. दुसऱ्या दिवशी पहाटे समुद्रापलीकडचा देश गाठायला होडी निघाली. ती कुठल्याही किनाऱ्याला लागल्याचे कुणी ऐकले नाही.

रोज चार वाजता बाई आपल्या पडद्यासमोर बसत आणि ते सतरा निरोप वाचत. आर्सेनिओने एकदा ते कागदावर उतरवून देण्याचे सुचवले होते. बाई म्हणाल्या, "मेलेल्याचं लिहिलेलं उतरवून ठेवतात. माझ्या मुलाचं पत्र जिथं आलंय तिथंच राहू दे." त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही, आणि त्यांच्या नकळत उतरवून घेणे त्याच्या स्वभावात नव्हते.

हजार दिवस भरत आले, तेव्हा त्याने संगणकाची तारीख मागे घेतली. आतली घड्याळाची बॅटरी मेलेली असल्याने वीज जाऊन आली की संगणक दोन हजार दोनच्या एक जानेवारीपासून जगायला लागे, आणि त्या तारखेला पुढच्या सालातले म्हणून योस्वानीचे निरोप उघडत नसत. मग आर्सेनिओ दर वेळी हाताने वीस सप्टेंबर दोन हजार चौदा लिही. कोपऱ्यावरच्या चेओ मेकॅनिकला तेवढे ठाऊक होते. तो दारातून हाक मारी, "काय रे, अजून चौदा सालच चाललंय का तुझ्याकडे? मग माझे दात दे परत."

बाईंना मात्र आर्सेनिओने हे कधी सांगितले नाही. तुमच्या मुलाचे शब्द या यंत्राच्या हिशेबी जुने होऊन गेले आहेत, हे वाक्य त्याच्या तोंडातून निघाले नव्हते. दया म्हणून राखलेले तेच मौन आता फळाला आले होते.

त्याने संगणकाचा पडदा सुरू केला. खालच्या कोपऱ्यात आजची तारीख होती, अचूक. चौतीस वर्षे फळ्यावर पहिल्यांदा तारीख लिहून मगच धडा सुरू करणाऱ्या हाताने ती घातली होती. निरोपांची यादी कोरी होती.

"सापडलं का?" बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "मी काही वेडंवाकडं दाबलं नाही ना? तसं असेल तर स्पष्ट सांग. मला चालेल."

आर्सेनिओने मागे वळून पाहिले नाही. "तुम्ही काही नाही केलंत, बाई. माझ्याच हातून झालंय. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी जागा कमी पडत होती, म्हणून जुनं पुसायला घेतलं. त्यात योस्वानीचंही गेलं."

"जागा कशाला हवी होती?"

"चित्रपट ठेवायचे होते."

"चित्रपट," बाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारले, "परत येतं का ते?"

"नाही येत."

त्या रडल्या नाहीत. किल्ली मेजावर ठेवताना त्यांनी आवाज होऊ दिला नाही. "कामात तू इतका निष्काळजी असशील असं मला कधी वाटलं नव्हतं," एवढे बोलून त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खिडकीतून तारेचे टोक काढून बाहेर सोडलेले दिसले.

अकरा दिवस आर्सेनिओ पुसलेले परत आणण्याच्या खटपटी करत राहिला. कुणाच्या तरी लग्नाचे अर्धे छायाचित्र आणि डॉमिनोच्या एका स्पर्धेचा निकाल एवढेच हाती आले. बाराव्या दिवशी चेओ आला, स्टुलावर बसला आणि पडद्याच्या कोपऱ्याकडे पाहून सगळे समजला.

"तारीख तिनं घातली, होय ना?"

"हळू बोल."

"अरे, ती सगळ्या गल्लीत तुझ्या नावानं बोलतेय. म्हणते, सिनेमासाठी माझा पोरगा पुसला. आणि तू गप्प?"

"मग काय सांगू? तुमच्या हातानं झालं म्हणून? पंच्याहत्तर वर्षांची बाई आहे ती, चेओ. माझ्यावर रागावून ती दोन वेळा जेवेल तरी. स्वतःवर रागावली तर काय करेल ते मला ठाऊक नाही."

चेओने डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. "मला यातलं काहीच माहीत नाही," तो म्हणाला. त्याने तो शब्द पाळला.

चार महिने बाई आर्सेनिओशी बोलल्या नाहीत. समोरून येताना दिसला तर त्या पलीकडच्या फुटपाथवर जात. त्यांनी पाळलेल्या कोंबडीचे अंडे आठवड्यातून एकदा त्याच्याकडे येई, तेही बंद झाले. गल्लीतल्या दोन-तीन घरांनी त्याला हाक मारणे सोडले. तो रोज ठरल्या वेळी संगणक सुरू करी, थोडा वेळ समोर बसे आणि नीट बंद करी. वीस सप्टेंबर मात्र त्याने पुन्हा लिहिला नाही.

एका सकाळी पावाच्या दुकानापुढे माणसे जमली होती. आमच्याकडे रांग दिसत नाही. माणसे सावली पाहून विखुरलेली असतात. नवा येणारा मोठ्याने विचारतो, शेवटचं कोण, आणि जो शेवटचा असेल त्याने उत्तर द्यायचे असते. ते दिले नाही तर सगळी रांगच विस्कटते.

आर्सेनिओ आला. त्याने विचारले, "शेवटचं कोण?"

कुणी बोलले नाही. भिंतीच्या सावलीत एर्मिनियाबाई पाठ करून उभ्या होत्या. त्याने पुन्हा विचारले नाही, नुसता थांबला. आयुष्यभर मुलांना रांगेत उभे राहायला शिकवलेल्या त्या बाईंची मान किंचित हलली.

"मी," त्या म्हणाल्या.

त्या वळल्या नाहीत. आर्सेनिओ त्यांच्या मागे, हातभर अंतर राखून उभा राहिला. दोघे मिळून पुढे सरकले.

समुद्राने नेलेल्याला शांती लाभो. त्या माउलीला आपला हात सदैव निर्दोष वाटत राहो, आणि तिचा राग वाहणाऱ्या माणसाच्या खांद्यांना तेवढे बळ मिळत राहो.