खांद्यात ढिला

“हात वर कर. आनखी वर. आनि श्वास सोड गो, फुग्यासारकी काय उभी राहतेस!”

भामाने दातांत धरलेली टाचणी काढली आणि कोटाच्या पाठीत खुपसली. नोव्हेंबर अर्धा सरला होता, तरी पनवेलमध्ये पंखा पाचावर फिरत होता, आणि त्याच्याखाली हदासा लोकरीच्या ओव्हरकोटात घामाघूम उभी होती. कपाळावरचा घाम तिने बाहीला लागू दिला नाही. मान वाकडी करून मनगटाने टिपला.

कोट जोसेफचा, तिच्या नवऱ्याचा. चौतीस वर्षांपूर्वी दोघांनी इस्राएलला कायमचे जायचे ठरवले तेव्हा कमळाकर टेलरकडून शिवून घेतलेला. त्या वर्षी जाणे राहिले, मग ते राहूनच गेले. कोट तेवढा तयार होता. जोसेफने तो एकूण सात वेळा घातला: पाच वेळा माथेरानला, एकदा दिल्लीला आणि एकदा घरातच, मलेरियाची थंडी भरली तेव्हा. बाकीची सगळी वर्षे हदासाने त्याची उस्तवार केली. पावसाळा सरला की उलटा करून सावलीत वाऱ्यावर टांगायचा, ब्रश वरून खालीच फिरवायचा, खिशांत लवंगा आणि कडुलिंबाचा वाळका पाला ठेवायचा, इस्त्री करायची ती ओलसर सुती फडक्यावरूनच. नवऱ्याच्या गोळ्यांत एखादा खाडा पडला असेल, कोटाच्या हवापाण्यात कधी पडला नाही.

“माझ्यापेक्षा त्याची तब्येत बरी आहे,” जोसेफ म्हणायचा. ते खरेच ठरले. गेल्या वर्षी जोसेफ गेला, कोटाला अजून कसर लागलेली नाही.

बापाच्या सात दिवसांच्या दुखवट्यात जेरुसलेमहून मुलगा, ओरेन, फोनवर म्हणाला होता, “आई, तू आता इकडेच ये. फक्त थंडी फार असते, चांगला कोट लागेल.” गेल्या हिवाळ्यात त्याचे घर लहान होते म्हणून राहिले. आता त्याने मोठे घर घेतले होते आणि हदासाने कोट मापाचा करायला काढला होता.

भामा समोरच्या दारातली. जमिनीचे पैसे येण्याआधी ती गावात ब्लाउज शिवायची. आता मुलांनी चार मजली इमारत उठवली आहे, घरात दोन गाड्या आहेत, पण कुणाच्या अंगावर सैल कपडा दिसला की तिची बोटे अजून वळवळतात.

“बटनं पुरुषाच्या बाजूला हायत. बदलू?”

“नको. राहू दे.”

“तिकडच्या बायका हसतील.”

“हसू देत. विचारलं तर सांगीन, नवऱ्याचा आहे.”

“मग कमरेला पट्टा तरी लावू. नायतर पोत्यात भरल्यावानी दिसतेस.”

पट्टा मान्य झाला आणि भामाने उरलेल्या कापडाची एक पट्टी तिच्या कमरेला बांधलीही. नातीने पाठवलेल्या फोटोत तिकडच्या बायका पट्टाच बांधत होत्या, वरून गळ्यात लोकरी रुमाल. रुमाल हदासाने विणून ठेवला होता.

खरा घोळ कॉलरचा झाला होता. पंधरा दिवसांपूर्वी ओरेनने विचारले, त्यात लिनन नाही ना? लोकर आणि लिनन एका कपड्यात आपल्या धर्मात चालत नाही, मिखाल फार पाळते. मिखाल म्हणजे सून. हा नियम हदासाने लहानपणी ऐकला होता, पण कॉलर उसवून बघायची बुद्धी कुणाला होणार? तिने उसवली. कॉलर ताठ राहावी म्हणून कमळाकरने मोठ्या हौसेने आत अस्सल लिननचे कॅनव्हास भरले होते. म्हणजे जोसेफच्या हातून सात वेळा पाप घडले. त्यातले मलेरियातले एक तिने वजा केले. मग लिननचा शेवटचा धागा चिमट्याने उपटला, आत सुती कॅनव्हास घातले आणि तीन दुपारी कॉलर बसवली.

“देव काय कॉलर उसवून बघतो गो तुमचा?” भामाने तेव्हा विचारले होते.

“देव नाही बघत. सून बघते.”

भामा आता दोन पावले मागे सरली आणि तिने डोळे बारीक केले.

“झाला. आंगाला बसला अगदी. आता सांग, मलिदा कधी?”

लांबच्या प्रवासाआधी हदासाच्या मराठी ज्यू लोकांत एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने गोड पोह्यांचा मलिदा होतो. पंचवीस वर्षांच्या शेजाराने भामाला ते पाठ झाले होते. मलिद्याची तारीख विचारली की निघायची तारीख विचारावी लागत नाही.

“आज ओरेन तिकिटाचं सांगणार आहे.”

“पोहे मीच भिजवीन, सांगून ठेवते,” भामा म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. बराच वेळ तिने गॅस पेटवला नाही.

फोन वाजला. हदासाला कमी ऐकू येते, म्हणून आवाज नेहमी मोठा. पडद्यावर ओरेन आला. ती कोटातच उभी राहिली आणि फोन लांब धरला, पट्ट्यासकट दिसावे म्हणून.

“अरे वा, आई! पप्पांचा कोट! छान दिसतेस.”

“लिनन काढलंय हं. मिखालला सांग.”

“हो, सांगतो.” त्याने मागे वळून बघितले. “आई, ऐक ना. मिखालचे आईवडील राहायला आलेत. आता इथेच असतील. तुझी खोली त्यांना दिलीय. तर आपण पेसाखचा सण झाल्यावर, एप्रिल-मेमध्ये बघू का? तेव्हा थंडीपण नसते. कोटाची गरजच पडणार नाही.”

हदासाने पट्ट्याची गाठ चाचपली.

“बरं झालं बाबा, तूच म्हणालास. माझंही कोटाचं काम उरलंच आहे अजून. थकली असतील ती, त्यांना राहू दे नीट.”

“तू समजून घेतेस, आई.”

फोन बंद झाल्यावर आत गॅस पेटला. चहा यायला वेळ लागला. भामाने कप ठेवले तेव्हा हदासा आरशासमोर होती.

“भामा, खांद्यात ढिला वाटतोय गं.”

भामाने कोटाच्या खांद्यावर हात ठेवला. तिथे बोट शिरायलाही जागा नव्हती. हात तिने थोडा वेळ तसाच ठेवला.

“हां गो. जाम ढिला हाय. सगला उसवावा लागंल. ही थंडी जाईल त्यात.”

“जाऊ दे,” हदासा म्हणाली.

भामाने तिच्या अंगातून कोट हळूच उतरवला, मांडीवर घेतला आणि कात्री शोधली. खांद्याची शिवण तिने परवाच घातली होती, दुहेरी. उसवायला संध्याकाळ झाली.