मनकर्णेचे मुसळ

मित्रांनो, मी एक जुने मुसळ आहे. अंगाने धावड्याच्या चिवट लाकडाचे, म्हणजे मोडायचे नाव नाही. सिंदेवाहीकडच्या नथ्थू सुताराने मला तासले, टोकाला लोखंडी कडे बसवले आणि मी कमळाबाईंच्या घरी आले.

कमळाबाईंची लेक मनकर्णा. तिची बोटे मागे वळत, अंगठा मनगटाला टेके. शेजारणी तिला पुन्हा पुन्हा तेच करायला लावत आणि टाळ्या पिटत. पण मासिक पाळी सुरू झाल्यापासून भात कांडायला मला उचलले की चार घावांत तिचा खांदा निसटू लागला. आई म्हणाली, "लगन झालं का आपसूक बरं होते." पोरीने विश्वास ठेवला. मीही ठेवला.

आमच्याकडे मुलगी बघायला आलेले पाहुणे ओसरीवर बसून आतले कांडण ऐकत. घाव एकसारखे पडले की मुलगी कामाची! मनकर्णेच्या वेळी आत मला धरले होते कमळाबाईंनी, स्वतःचा दंड फडक्याने छातीशी बांधून. पाहुणे खूश झाले. लग्नात मलाही आंदण म्हणून दिले.

सासरी खांदा निसटे, गुडघा सरके. सासू म्हणे, "कामाच्या वक्ती बराबर दुखते!" नवरा डोमा उठून शेताकडे निघून जाई. लेक पारबता पोटात आली तेव्हा सांधे आणखी सैल झाले. बाळंतपणाला ती माहेरी आली, बैलगाडीत मीही सोबत होते. तिथे बाळाला उचलताच मनकर्णेचा हात लोंबकळला. कमळाबाईंनी तो सराईतपणे जागेवर बसवला.

"आई, तुले कसं जमते हे?"

"माहाबी असाच निसटते. फडकं बांधून कांडतो मी."

"मंग मले सांगतलं काऊन नाई?"

"बांधलेला हात लोकायले दिसला असता तं तुले सोयरीक आली असती काय?"

सख्ख्या आईने दगा दिला होता, आणि तो माझ्याच आवाजाने. मनकर्णा त्यानंतर आईशी नीट बोलली नाही. पस्तिशीतच ती भिंत धरून चालू लागली.

सत्तावन्न साली पारबतेला बघायला पाहुणे आले. तिचाही अंगठा मनगटाला टेके. डोमाने मला मनकर्णेच्या हाती कोंबले. "आत जाय, तूच कांड."

ती मला घेऊन सरळ ओसरीवर आली. सगळ्यांदेखत तिने लेकीचा दंड फडक्याने बांधला. "पोरीचा खांदा निसटते. अशी बांधून कांडते ते. पटत असन तं बसा."

पाहुणे चहा न घेताच उठले. "सारं मुसळ केरात घातलं तुनं!" डोमा ओरडला. पारबता रडत होती, तरी तिने मला उचलले. घाव हळू पडले, वेडेवाकडे पडले, पण खांदा जागचा हलला नाही.

मित्रांनो, बोटे उलटी वळवणारी मुलगी दिसली, तर टाळ्या वाजवण्याआधी तिला विचारा, दुखते का? मनकर्णेला कोणीच विचारले नव्हते. आणि तिच्या आईलाही.