चार पायऱ्या राहिल्या

“समुद्र काही पळून जात नाहीये. आधी माझी टोपी सरळ कर,” चाकांच्या खुर्चीतून आजी म्हणाल्या.

केली सरळ. चार वर्षं पुण्यात, वारज्याला त्यांना सांभाळतेय, त्यांचं बोलणं मी मनाला लावून घेत नाही. पण आज जीव थाऱ्यावर नव्हता. मी परभणीकडची, वय अठ्ठेचाळीस, आणि समुद्र अजून पाहिलेला नाही. आज बघणार म्हणजे बघणार, असं ठरवूनच गाडीत बसले होते.

रेवदंडा आजींचं माहेर. एकदा गाव दाखवा म्हणाल्या, म्हणून मुलगा आमोद आणि सूनबाई आम्हाला घेऊन पहाटेच निघाले. पण हे गावच किल्ल्याच्या तटाच्या आत! देऊळ झालं, पडकं चर्च झालं, जेवण झालं. समुद्राचा नुसता आवाज.

दुपारी ती दोघं किनाऱ्यावर गेली. वाळूत खुर्ची जाईना, म्हणून आम्ही तटाखाली सावलीत.

“किती उसासे टाकशील, नंदा? जा वर, बघून ये. दहा मिनिटांत मी काही मरत नाही.”

मी धावलेच. तटाच्या पायऱ्या उंच, गुडघे कुरकुरत होते. वाऱ्यावर पदर उडाला. चार पायऱ्या राहिल्या तेव्हा सहज खाली पाहिलं.

खुर्चीखालची माती ओली झाली होती. माहेरी जाताना लंगोट कशाला, म्हणून सकाळी आजींनी डायपर घालू दिला नव्हता. आता साडी ओढून घेत होत्या, आणि समोरून दोन म्हाताऱ्या येत होत्या. “अगो, ही आपल्या शाळेतली ना?”

अरे देवा! आजी माझ्याकडे बघत होत्या, पण हाक मारत नव्हत्या.

चारच पायऱ्या हो! चढले असते तर कोण विचारणार होतं? पण उतरले. त्यांच्या मांडीवर शाल टाकली, बाटलीतलं पाणी खाली ओतलं आणि मोठ्याने म्हणाले, “बाई गं, सगळं पाणी सांडलं माझ्या हातून!”

मैत्रिणी तासभर बसल्या. आजी इतक्या हसलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

आमोददादा परत आले, तेव्हा निघता निघता मैत्रिणींनी त्यांना पाणी सांडल्याचं सांगितलं. “काय वेंधळ्या हो, नंदाताई! समुद्र पाहिलात ना?”

“पाहिला.”

“खोटं बोलतेय ती,” आजी म्हणाल्या. “पाणीबिणी काही नाही, मला लघवी झाली होती. ती अर्ध्यातून उतरली. आधी तिला किनाऱ्यावर घेऊन जा.”

दादांनी घड्याळ बघितलं. “आई, घाटात ट्रॅफिक लागेल. पुढच्या वेळी नक्की.”

पुढची वेळ कुठली! आजी ब्याऐंशीच्या.

गाडी वेशीबाहेर पडली. “माझ्यापायी राहिला गं तुझा समुद्र,” आजी पुटपुटल्या. मी तोंड काचेकडे फिरवलं. रडू आवरत नव्हतं, आणि ते त्यांना दिसायला नको होतं.