कूलरचा रकाना

शाल्मली घरी राहिली तर नरहररावांच्या पदरात काय काय पडणार होतं, ते त्यांनी मनात नीट मांडून ठेवलं होतं. दुपारी चारचा चहा, आलं घातलेला आणि न मागता मिळणारा. शब्दकोडं अडलं की विचारायला हक्काचं माणूस. आणि बायकोशी, मोहिनीबाईंशी, वाद झाला तर निम्म्या वेळा तरी आपल्या बाजूला पडणारं एक मत. लोकांना सांगताना मात्र यातलं एक अक्षर बाहेर येत नसे. "पुण्यात पोरीचे जेवणाचे हाल होतात हो," एवढंच ते म्हणत.

लेकीच्या कंपनीने अट घातली होती. सोमवारी साडेदहाला व्हिडिओ कॉल. अर्धा तास न तुटता चालला तर दिवाळीपर्यंत घरून काम. तुटला तर पुणे.

पण वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या त्या नव्या लेआउटमध्ये इंटरनेट देणाऱ्या केबलवाल्याचे खांब शोभाबाईंच्या किराणा दुकानाशीच संपत. मध्ये रिकामा प्लॉट, नरहररावांच्या पावलांनी एकशे दहा पावलं. शोभाबाईंनी वायफायचा पासवर्ड लगेच दिला. "घ्या ना नरहरभाऊ, तुमी माह्या बचत गटाचं प्रोसिडिंग लिहून देता, मी का तुमाले नेट नाई देणार?" अडचण एवढीच, की शाल्मलीच्या संगणकाला त्या वायफायचं नाव दिसे, पण जोडणी काही होत नसे.

मग नालवाडीला संगणकाचं दुकान असलेल्या निकेशने तीन ॲडाप्टर पाहायला दिले. पेन ड्राइव्हसारखे संगणकात खोचायचे. एक नखाएवढा, एक एका शिंगाचा म्हणजे अँटेनाचा, एक दोन शिंगांचा. "काकाजी, जो जमन तो ठेवा, बाकीचे सोमवारी वापस. डबे फाडू नका फक्त."

चौतीस वर्षं सरकारी हिशेब तपासलेल्या माणसाच्या हाती तीन वस्तू तुलनेला दिल्यावर जे व्हायचं तेच झालं. नरहररावांनी कोरी वही काढून रकाने आखले: वस्तू, वेळ, जागा, खुर्ची, आकडा, शेरा.

"बाबा, दोन गोष्टी बघायच्या," शाल्मलीने समजावलं. "पल्ला किती, आणि कान किती तिखट. म्हणजे किती क्षीण सिग्नल त्याला ऐकू येतो. आकडा उण्यात येतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला."

"म्हणजे तूट. कमी तूट ती बरी. हे मला शिकवतेस होय?"

शनिवारी सकाळी सातला नखाएवढा लावला: उणे सदुसष्ट. अकराला एकशिंगी: उणे चौऱ्याऐंशी. दुपारी दोनला दोनशिंगी: उणे एक्याऐंशी. टेबल तेच, खुर्ची तीच, समोरची खिडकी तीच. नरहररावांना एवढा आनंद बढतीच्या दिवशीही झाला नव्हता. महागाची वस्तू म्हणजे निव्वळ देखावा, हे ते जन्मभर सांगत आले होते. आज वहीत पुरावा होता. संध्याकाळच्या फिरण्यात त्यांनी तो अर्ध्या लेआउटला वाचून दाखवला आणि निकेशला फोनही केला.

"तुझ्या दोन शिंगांच्या बैलाला ऐकूच येत नाही रे!"

"काकाजी, असं होऊच नाई शकत," निकेश म्हणाला.

"वहीत आहे."

रविवारी दुपारी बाराला शाल्मलीने नखाएवढा ॲडाप्टर लावून पुण्याच्या मैत्रिणीला कॉल केला. दुसऱ्याच मिनिटाला मैत्रीण तोंड उघडं ठेवून थिजली. पुन्हा लावला, पुन्हा तेच, यावेळी डोळे मिटून. चौथ्या खेपेला शाल्मली उठली आणि तिने माळ्यावरची बॅग काढली. नरहरराव वही उलटसुलट चाळत राहिले, पण चारचा चहा वहीत कुठे सापडेना.

तेवढ्यात शोभाबाई बचत गटाचं रजिस्टर घेऊन आल्या. "काऊन हो, बॅग कशाले काढली? पोरगी चालली का पुण्याले?"

नरहररावांनी वही पुढे केली. "हे बघा. काल उणे सदुसष्ट होता. आज तीच वस्तू, तीच खुर्ची, आणि तुटतंय."

शोभाबाईंनी वहीकडे पाहिलंच नाही, खिडकीकडे पाहिलं. "काल सकायी मी दूध घ्याले चालली होती, तवा तुमी दिसले ना मले हिथं बसलेले. आता मले माहं दुकान कुठी दिसून राह्यलं? मधात हा टिनाचा डबा उभा आहे. अन् त्यात पोटभर पानी!"

खिडकीबाहेर गॅलरीत चाकांच्या स्टँडवर कूलर उभा होता. रोज सकाळी नरहरराव तो बाजूला ओढून धूत, टाकी भरत आणि दहाच्या ठोक्याला पुन्हा खिडकीला लावत. पत्रा आणि पाणी, दोन्ही सिग्नल अडवणारे. म्हणजे नखाएवढ्याची परीक्षा उघड्या खिडकीतून झाली होती आणि दोन्ही शिंगवाल्यांची कूलरच्या पाठीमागून.

मोहिनीबाई वहीवर वाकल्या. "अहो, खुर्चीला रकाना आहे. कूलरचा कुठाय?"

असा आक्षेप नरहररावांच्या कामावर चौतीस वर्षांत कुणी काढला नव्हता. त्यांनी मुकाट्याने सातवा रकाना आखला आणि कूलर ओढला. नखाएवढा: उणे सदुसष्ट. एकशिंगी: उणे एकोणसाठ. दोनशिंगी: उणे बावन्न. मैत्रीण तासभर हलत, हसत, बोलत राहिली.

आता कूलर जाणार कुठे? हॉलला दुसरी एकच खिडकी होती. तिथून वारा शाल्मलीच्या टेबलावर आणि मोहिनीबाईंच्या सोफ्यावर येई. नरहररावांच्या दिवाणापर्यंत येता येता कपाटाला अडे.

"दिवाण इकडे सरकवू?" त्यांनी विचारलं.

"बाबा, कॅमेऱ्यात याल. बनियनमध्ये."

"साहेबांनाही कळू दे, वर्ध्याचा मे कसा असतो ते."

"बाबा!"

"बरं, राहू दे. कूलरने माझे तसेही सांधे धरतात," नरहरराव म्हणाले. हे त्या घरात पहिल्यांदाच ऐकू आलं. मग त्यांनी निकेशला फोन लावला. "अरे, तुझ्या बैलाला ऐकू येतं. आम्हीच त्याच्या कानाशी पाण्याची टाकी ठेवली होती."

"वहीत आहे का, काकाजी?" निकेशने विचारलं.

सोमवारचा कॉल अर्धा तास चालला आणि शाल्मलीने बॅग माळ्यावर टाकली. बरोबर चारला, न मागता, आल्याचा चहा दिवाणावर आला. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत कपाटाआडची जागा. घाम टिपत नरहररावांनी वहीचं शेवटचं पान उघडलं आणि कोणी काय दिलं ते लिहून काढलं. नेट शोभाबाईंचं. दोनशिंगी ॲडाप्टर शाल्मलीने स्वतःच्या पगारातून घेतला. चूक शोधायची नजर शोभाबाईंची, ती वहीत नोंदायला लावणारं बोट मोहिनीबाईंचं.

आणि वारा, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, दिवाळीपर्यंत: नरहर.

शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, "चहा गरम. तक्रार नाही."