नाहूरच्या क्लबातली तक्रारपेटी

मी एक जुनी तक्रारपेटी आहे, मित्रांनो. नाहूर स्टेशनजवळच्या एका कबड्डी क्लबात भिंतीवर टांगलेली. खंडू सुताराने मला मोडक्या कॅरमबोर्डाच्या फळीतून बनवलं. पहिल्या दिवशी मला झेंडूचा हार घातला, फोटो काढले. अध्यक्ष चंद्रप्रकाशकाका म्हणाले, "आपल्या क्लबात मुली एकदम सेफ!" मी काय फुशारले होते म्हणून सांगू!

किल्ली दिली प्रशिक्षक हर्षदसरांकडे. रोज येणारा माणूस तोच ना! मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पंखा बंद आहे, मॅट फाटलीय, अशा चिठ्ठ्या आधी ते मोठ्याने वाचून दाखवायचे. मग वाचणं थांबलं. मला अक्षरओळख नाही, म्हटलं, कामं होत असतील.

एका संध्याकाळी चौदा वर्षांची मनाली आली. चढाईत पोरगी झकास. लिहिताना ती पुटपुटत होती, "हर्षदसर सराव संपल्यावर मला एकटीला थांबवतात. मला भीती वाटते."

अगं बाई! किल्ली तर त्यांच्याच खिशात! टाकू नकोस गं, मला ओरडायचं होतं. पण मला कुठली जीभ? तोंड मिटायचं म्हटलं तरी मिटेना. चिठ्ठी आत पडली.

सकाळी सरांनी ती वाचली आणि चुरगाळून खिशात घातली. संध्याकाळी मनालीचं नाव टीममधून गेलं. "शिस्त नाही तिला," म्हणे!

मनालीने रडत घरी सांगितलं. तिची आई मीराताई तडक क्लबात आली.

"काका, माझ्या पोरीची चिठ्ठी कोणी वाचली?"

"हर्षदने. किल्ली त्याच्याकडेच असते ना."

"अहो, त्याच्याचविरुद्ध होती ती!"

काकांनी मुलींच्या फोन नंबरांची वही तिच्यापुढे ठेवली. "वाट लागली," एवढंच म्हणाले.

मग मीराताईने शंका येऊन तिथूनच, आधी अचानक क्लब सोडून गेलेल्या मुलींना फोन लावले. श्रुतिका, सई, रुचिरा. तिघींचं एकच उत्तर, "आम्हीपण चिठ्ठी टाकली होती."

तिघी! आणि आम्ही सगळे म्हणत होतो, दहावीचा अभ्यास वाढला असेल. त्या चिठ्ठ्या माझ्याच पोटातून गेल्या होत्या. मला स्वतःचीच किळस आली.

हर्षदवर पोलिसांत तक्रार झाली, त्याला क्लबातून काढलं. मनाली पुन्हा खेळू लागली. त्या तिघी मात्र परत आल्या नाहीत.

मित्रांनो, मला रंग नको, हार नको. ज्याच्याविरुद्ध चिठ्ठी येऊ शकते, त्याच्या हाती किल्ली देऊ नका. आणि खेळणारी मुलगी अचानक यायची थांबली, तर कारण तुमच्या मनाने ठरवू नका. तिच्या घरी जा आणि तिलाच विचारा.