गार्डसाहेबांची शिट्टी आणि बाबुलालचा पडदा

बाबुलालने लग्नाच्या मांडवातला व्हिडिओ दाखवायचा मोठा पडदा आणून कॅम्प-१ वस्तीच्या मैदानाकडेला उभा केला, तेव्हा कृष्णरावांना हसावं की थुंकावं ते कळेना. वरातीचं शूटिंग करणारा हा माणूस आता म्हणे फुटबॉलमध्ये न्याय करणार. गोल झाला की त्या चढाईत गोल करणाऱ्यांनीच कुणाला ढकललं, ओढलं का, ते व्हिडिओ मागे फिरवून बघायचं. टीव्हीवर परदेशी मॅचेस बघून डोकं फिरतं ते असं.

"माहे डोये फुटले काय?" कृष्णरावांनी विचारलं.

सारी नोकरी त्यांनी रेल्वेच्या दुर्ग लाइनवर गार्ड म्हणून काढली. त्यांनी झेंडी दाखवली की गाडी सुटायची, कुणी व्हिडिओ मागत नसे. रिटायर झाल्यावर ते मैदानात शिट्टी फुंकू लागले आणि तिथेही त्यांच्या निर्णयाला बोट लावायची कुणाची टाप नव्हती. त्यांच्या पोरीच्या, दुर्गाच्या टीमची मॅचसुद्धा लोक बिनधास्त त्यांच्या हाती देत. तिच्यासाठी त्यांनी कधी टाळी वाजवली नाही, घरीदेखील चांगलं खेळलीस असं म्हटलं नाही. रेफरीने म्हणू नये, आणि याचा त्यांना भारी अभिमान.

फायनल जुनवानीच्या मुलींशी होती. दुर्गाची टीम एका गोलने मागे होती. मॅच संपत आली असताना कॉर्नरवरून आलेल्या बॉलला दुर्गाने डोकं लावलं आणि बॉल जाळ्यात गेला. कृष्णरावांनी गोलची शिट्टी दिली. जुनवानीच्या पोरी धावत आल्या. दुर्गाने आमच्या डिफेंडरला ढकललं, असं त्यांचं म्हणणं.

"गार्ड साहब, एक बार देख तो लीजिए," बाबुलाल गोड आवाजात म्हणाला.

"पाहतो नं. तुह्या मशीनचं तोंड तं बंद होईन."

पडद्यासमोर ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. बॉल हवेत होता आणि दुर्गाचे दोन्ही हात डिफेंडरच्या पाठीवर. आंधळ्यालाही दिसावा असा फाउल. कृष्णरावांनी ओठ चावला, तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात त्यांना आणखी कुणीतरी दिसलं. काळ्या शर्टातला एक म्हातारा दोन्ही हात वर करून लहान पोरासारखा उड्या मारत होता. मग दचकून त्याने इकडेतिकडे पाहिलं, शर्ट सारखा केला आणि शिट्टी तोंडात घातली.

"रेफरी भी पकड़ा गया," गर्दीतून कुणी म्हणालं आणि सारं मैदान हसत सुटलं. आपण उडी मारली हे त्यांना आठवतही नव्हतं. एवढ्या वर्षांची इज्जत त्या लग्नाच्या पडद्यावर गेली. त्यांनी गोल रद्द केला. शिट्टीसुद्धा नीट वाजली नाही.

थोड्याच वेळात मॅच संपली. कप हातचा गेला, आता दुर्गा भांडणार, म्हणून ते खाली मान घालून उभे राहिले. ती आली, पण त्यांच्याजवळ थांबली नाही. ती सरळ पडद्यापाशी गेली.

"चाचा, गोल मत दिखाओ," ती बाबुलालला म्हणाली. "वो कोने वाला एक बार फिर से चलाओ. मैंने पहले कभी नहीं देखा."