चौथा लागेपर्यंत

सरुबाईचं तोंड म्हणजे नारायण पेठेतला नगारा, असं शेजारपाजार म्हणायचा आणि त्यात काही खोटं नव्हतं. भाजीवालीनं मेथीची जुडी बारीक दिली तरी चार घरांना कळायचं. एका गोष्टीत मात्र ही बाई साफ मुकी. घरात कुणाला दिवस गेले की चौथा महिना लागेपर्यंत त्याचं नाव काढायचं नाही. आळीत नाही, माहेरी नाही, नवऱ्याच्या पत्रात नाही. देवाला नवस बोलायचा तोसुद्धा मनातल्या मनात.

याला कारण होतं. तिची पहिली तीन मुलं पोटातच गेली आणि तिन्ही खेपांना तिनं दुसऱ्याच महिन्यात आळीभर सांगून ठेवलं होतं. चौथ्या खेपेला तिनं तोंडाला कुलूप लावलं आणि जयसिंग जन्मला. झालं. आता या बाईला कोण समजावणार?

तोच जयसिंग मार्गशीर्षात पेशव्यांच्या फौजेबरोबर टिपूवर कर्नाटकात गेला. तो गेला आणि त्याच्या बायकोला, शकूला, दिवस गेल्याचं कळलं. शकू सतरा वर्षांची, घाबरट म्हणावी अशी मुळीच नव्हती. पण दक्षिणेकडून एखादा जासूद आल्याचं नुसतं कानावर आलं तरी ती हातातलं काम टाकून दाराशी धावायची. रात्री टक्क जागी, छातीत धडधड, भांडं पडलं तरी दचकायची. सरुबाईला धास्ती लागली. ही अशी झुरत राहिली तर पोटातलं मूल धरणार कसं? एकुलत्या एका लेकाचं मूल, आणि लेक तोफांच्या तोंडी. तिनं लुगड्याचा पदर खोचला आणि थेट गोपाळकृष्ण वैद्यांची ओसरी गाठली.

वैद्यबुवांच्या हाताला यश होतं आणि जिभेला धार. त्यांनी सुनेचं वय विचारलं, भूक विचारली, कोठा साफ आहे का विचारलं.

"पोटुशी आहे का?"

"न्हाई," सरुबाई म्हणाली.

"नक्की?"

"म्हैन्याच्या म्हैन्याला बाजूला बसती. आणखी काय सांगू?"

आता बघा, बाजूला बसायची हे खरंच होतं. कुडापलीकडच्या गोदूबाईचे डोळे घारीचे. सून दोन महिने बाजूला बसली नाही की तिनं बोटं मोजलीच म्हणून समजा. म्हणून सरुबाईनं शकूला दर महिन्याला चार दिवस मागच्या पडवीत बसवायचं ठरवलं. वाकळ वेगळी, तांब्या वेगळा, भाकरी लांबून सरकवायची, कुणी शिवायचं नाही. सोंग होतं, पण अगदी रीतसर सोंग.

वैद्यबुवांनी पुड्या बांधून दिल्या. सकाळी एक, निजताना एक, कोमट दुधातून. चार दिवसांत शकूला गाढ झोप लागायला लागली. सरुबाईनं वैद्यांच्या सात पिढ्यांना दुवा दिला. एवढा गुण येतोय म्हटल्यावर दुपारचीही एक पुडी तिनं स्वतःच्या अकलेनं वाढवली. झाडपाल्याचंच तर औषध, त्यानं कुणाचं काय वाईट होणार?

पुड्या संपल्या तशी ती पुन्हा ओसरीवर जाऊन बसली. तिच्या आधी कसब्यातला दत्तोबा तांबट बसला होता.

"बुवा, मागं आईला झोपेच्या पुड्या दिल्या होत्यात, त्यातल्या थोड्या उरल्यात," दत्तोबा म्हणाला. "कारभारणीला पाचवा लागलाय आणि डोळ्याला डोळा नाही. तिला देऊ का?"

वैद्यबुवांचा खल थांबला.

"द्या की. आणि पाळणा करायला टाकला असेल तर सुताराला नको म्हणून सांगा."

दत्तोबाला काही उमगेना.

"अहो, माझ्या प्रत्येक झोपेच्या पुडीत जटामांसी असते, तगर असते. बाईचा अडलेला विटाळ मोकळा करायलाही मी याच मुळ्या देतो. गर्भारणीला त्या द्यायच्या नसतात. म्हणून तर प्रत्येकीला आधी विचारतो."

सरुबाई ताडकन उठली. विचारलं होतं. त्यांनी दोनदा विचारलं होतं. ओसरीवर परके पुरुष आहेत, हेही तिला सुचलं नाही.

"बुवा, माझी सून पोटुशी हाय. तिसरा सरत आलाय."

वैद्यबुवा तिच्याकडे वळले. "आपण नाही म्हणालात."

"आमच्यात चौथा लागेपत्तुर सांगत न्हाईत."

"बाई, वैद्याला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं नव्हे." त्यांनी खल बाजूला सारला आणि उपरणं खांद्यावर टाकलं. "किती दिल्यात?"

"तीन. रोज."

"मी दोन सांगितल्या होत्या. काही दिसलं का? रक्त? कळा?"

"काही न्हाई. झोपती चांगली. सध्या पडवीत बसलीय, पण ते खोटं."

म्हाताऱ्या वैद्याला मागं टाकून सरुबाई पळत सुटली. या वयात बाई पळते म्हणून लोक थांबून बघत होते, बघोत बापडे. पडवीत शकू गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. तोंड पिवळंफटक, ओठ दातांत धरलेला. सरुबाईनं तिला मिठीत घेतली.

"अहो, शिवलात की तिला," कुडापलीकडून गोदूबाई म्हणाली.

सरुबाईचा हात वाकळेला लागला. वाकळ ओली होती. तिनं हात वर करून पाहिला. बोटं लाल झाली होती.

"कधीपासनं गं?"

"परवापासनं."

"आणि बोलली न्हाईस? रोज समोरनं भाकर सरकवत हुते मी."

"गोदूमावशी कुडापाशीच असत्यात," शकू कुजबुजली. आताही कुजबुजलीच. "तुम्हीच म्हणाला हुता ना आत्याबाई, चौथ्याला आठ दिस ऱ्हायलेत, तवर नाव काढायचं न्हाई. म्हटलं, गप ऱ्हायले तर टिकंल."

वैद्यबुवा आले, सुईण आली, जे करता येण्यासारखं होतं ते सगळं झालं. दिवस कलायच्या आत सारं संपलं होतं. शकूचा जीव वाचला, एवढंच पदरात पडलं.

अंगणात हात धुताना वैद्यबुवांच्या जिभेची धार कुठं दिसली नाही. "पुडीनंच गेलं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही," ते म्हणाले. "काही गर्भ मुळातच टिकत नाहीत. आपले तीन गेले म्हणता, ते काही आळीला सांगितल्यानं गेले नाहीत. पण खरं कळलं असतं तर मी ही पुडी दिली नसती. आणि परवा कळलं असतं तर दोन दिवस हातात होते."

तीस वर्षं जी गोष्ट सरुबाईनं देवाच्या शब्दासारखी धरून ठेवली होती, ती एका वाक्यात गेली, आणि तिच्यापायी नातवंडही गेलं. शिवी दिली असती बुवांनी तरी बरं वाटलं असतं.

तिन्हीसांजेला तिनं शकूला आत आणून आपल्या अंथरुणावर निजवलं. घरी कुणी भेटायला आलं नाही. येणार तरी कोण? जे होतं तेच आळीत कुणाला ठाऊक नव्हतं, तर गेलेलं कुठून कळणार?

"आत्याबाई," शकू म्हणाली, "आता सांगितलं तर चालंल का? आईला?"

सरुबाईनं तिच्या कपाळावर हात ठेवला. "चालंल," ती म्हणाली. मग ती उठून कुडापाशी गेली आणि तिनं गोदूबाईला हाक मारली.